दारू सुटताना मणक्यातलं पाणी: पहिली नळी आणि चौथ्या आठवड्यातली नळी

दारू थांबून दोन-तीन दिवस झालेल्या माणसाच्या पाठीतून पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सीएसएफ) काढायचं, त्यात मेंदूतल्या रसायनांचे अवशेष मोजायचे आणि चौथ्या आठवड्यात तेच पुन्हा करायचं, एवढंच हे काम. सांगायला एक वाक्य पुरतं. प्रत्यक्षात आकडा बिघडायच्या जागा पावलोपावली आहेत, आणि बिघडलेला आकडा दिसायला अगदी चांगल्या आकड्यासारखाच असतो. आम्ही ज्या क्रमाने हे करतो त्याच क्रमाने लिहितो. वाचणारे बहुतेक या कामात नव्याने शिरणारे रेसिडेंट आणि लॅबमधले लोक असतील असं धरलं आहे.

मोजायचं काय? सेरोटोनिन मोडून ५-एचआयएए तयार होतं, डोपामिन मोडून एचव्हीए, नॉरअॅड्रेनालिन मोडून एमएचपीजी. चुलीतली राख बघून लाकूड किती जळलं याचा अंदाज करावा, तसा हा प्रकार. पेशींच्या सांध्यात त्या क्षणी सेरोटोनिन किती आहे हे यातून कळत नाही. आधीच्या काही तासांत एकूण किती मोडलं गेलं, एवढंच कळतं. त्यातही कण्यातल्या मज्जारज्जूत तयार झालेला वाटा मिसळलेला असतो.

नैराश्यातल्या आत्महत्येशी याचा संबंध जोडला गेला तो १९७६ साली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत मारी ऑसबर्ग आणि सहकाऱ्यांना नैराश्याच्या रुग्णांत ५-एचआयएएचे दोन गट दिसले, आणि कमी आकडा असलेल्या गटात आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. १९७९ मध्ये जेम्स बॅलेंजर यांच्या गटाने मद्यासक्तांत पाहिलं, की दारू थांबल्यावर लगेच, साधारण ४८ तासांनी घेतलेल्या नमुन्यांत ५-एचआयएए जास्त असतं आणि चार आठवडे कोरडे गेल्यावर ते खाली येतं. आता याच्या शेजारी १९८८ चं सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांचं काम ठेवा. दाखल झालेल्या मद्यासक्त पुरुषांपैकी ४२ टक्क्यांचा हॅमिल्टन स्कोअर (नैराश्याची तीव्रता मोजणारे गुण) पहिल्या आठवड्यात २० किंवा त्याहून वर होता, चौथ्या आठवड्यात तो फक्त ६ टक्क्यांचा राहिला. म्हणजे मन सावरत जातं त्याच काळात ५-एचआयएए उतरत जातं. ‘सेरोटोनिन कमी म्हणून मन उदास’ हे सरळ समीकरण इथे उलटं पडतं. आम्ही एका नळीवर कधीच विश्वास ठेवत नाही आणि दोन नळ्यांचा आग्रह धरतो, तो यासाठी.

दाखल होतानाची नोंद

पहिला प्रश्न शेवटचा घोट कधी घेतला. रुग्णाला विचारावं, आणि वेगळं बसवून नातेवाइकांनाही विचारावं. दोन उत्तरं जुळत नाहीत तेव्हा श्वासातल्या अल्कोहोलचा आकडा पंच ठरतो. सवय असलेल्या माणसाच्या रक्तातून अल्कोहोल तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या वेगाने उतरतं, जुन्या पिणाऱ्यांत कधी त्याहून जलद. ३०० वर आलेल्या माणसाचा आकडा शून्यावर यायला १५ ते २० तास लागणार हे गृहीत धरून वेळापत्रक लावायचं. थरथर मात्र शून्याची वाट बघत नाही. रोजची पातळी उंच असलेल्या माणसाला रक्तात भरपूर अल्कोहोल असतानाही विथड्रॉवल, म्हणजे दारू तुटल्यावरचा त्रास, सुरू होतो.

घड्याळ शेवटच्या घोटापासून लावायचं की शून्यापासून, हे आधी ठरवावं आणि सगळ्यांना एकच लावावं. आम्ही शून्यापासून लावतो. कारण अल्कोहोल शरीरात असेपर्यंत सेरोटोनिनच्या मोडतोडीची वाटच बदललेली असते. अॅल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे एन्झाइम अॅसिटाल्डिहाइडमध्ये गुंतलेलं असतं, त्यात अल्कोहोल मोडताना तयार होणारं एनएडीएच वाढलेलं, म्हणून काही भाग ५-एचआयएएऐवजी ५-एचटीओएल या दुसऱ्या पदार्थाकडे वळतो. लघवीत या दोघांचं गुणोत्तर अल्कोहोल संपल्यावरही काही तास चढलेलं राहतं, आणि म्हणूनच ते नुकत्याच झालेल्या पिण्याची खूण म्हणून वापरतात. पाण्याच्या नमुन्याबरोबर सकाळची लघवी ठेवून द्यायला काही लागत नाही, आणि पुढे शंका आली तर तीच कामाला येते.

औषधांची यादी खोलात जाऊन घ्यायला हवी. एसएसआरआय (फ्लूऑक्सेटिनसारख्या नैराश्याच्या) गोळ्यांनी ५-एचआयएए खाली येतं. फ्लूऑक्सेटिन बंद करून पाच आठवडे गेल्याशिवाय ते शरीरातून गेलं असं समजू नये. दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिरम डोपामिन-बीटा-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम अडवतं, म्हणजे डोपामिनचं नॉरअॅड्रेनालिन होण्याची पायरीच अडते आणि एचव्हीए व एमएचपीजी दोन्ही हलतात. क्लोनिडिनने एमएचपीजी उतरतं. ‘झोपेची एक गोळी’ असं सांगितलं जातं तिचं पाकीट मागून बघावं.

अभ्यासासाठी उपचार एक तासही लांबवायचा नाही. थायमिन इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, बेन्झोडायझेपिन (विथड्रॉवल शमवणारी डायझेपामसारखी औषधं) गरजेप्रमाणे; यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. दिलेला प्रत्येक डोस डायझेपामच्या मापात बदलून एकूण बेरीज ठेवावी आणि रूपांतराचा तक्ता पहिल्या रुग्णापासून शेवटच्यापर्यंत एकच असावा. तक्ते वेगवेगळे मिळतात, आणि अर्ध्यावर तक्ता बदलला की जुनी बेरीज कुचकामी.

सुई कधी घालायची नाही

६ ते ४८ तासांच्या दरम्यान झटके येण्याचा धोका, ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्सचा, म्हणजे भान हरपून भ्रम आणि थरथर होण्याचा. विथड्रॉवलची तीव्रता मोजणाऱ्या सीवा-एआर या दहा मुद्द्यांच्या, ६७ गुणांच्या मोजपट्टीवर गुण १० च्या खाली आल्याशिवाय आम्ही संशोधनासाठी सुई घालत नाही. थरथरणारा, घामाघूम माणूस गुडघे छातीशी घेऊन अर्धा तास स्थिर राहू शकत नाही, आणि भान हरपलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. संमती घेताना ‘यातून तुम्हाला काहीही फायदा नाही’ हे वाक्य याच शब्दांत म्हणायचं. ‘तपासणी आहे’ एवढंच म्हटलं की रुग्ण उपचार समजतो.

याची किंमत आहे. सर्वांत तीव्र विथड्रॉवल असलेले लोक एकतर वगळले जातात किंवा त्यांचा नमुना उशिरा पडतो. निष्कर्ष लिहिताना हे ठळक लिहावं लागतं.

प्लेटलेट ५० हजारांच्या खाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या वर असेल तर थांबायचं. पिणाऱ्यांत दोन्ही गोष्टी नेहमीच्या. दारूने प्लेटलेट उतरतात, पण दारू थांबली की आठवडाभरात बहुधा आपोआप चढतात, त्यामुळे दाखल होतानाच्या एका आकड्यावर कायमचा नकार देऊ नये. पडल्याचा इतिहास, डोक्याला मार, झटका येऊन गेलेला, एका बाजूची कमजोरी, यातलं काहीही असलं तर आधी सीटी स्कॅन. सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा) रक्तस्राव या रुग्णांत सहज निसटतो, कारण त्याची गुंगी विथड्रॉवलच्या खात्यात जमा होते. ताप आणि झटका एकत्र आले तर विषयच बदलला. मग पाणी मेनिंजायटिससाठी काढायचं, आणि आमची नळी त्या दिवशी रद्द.

सकाळची वेळ आणि मिलिलिटरचा हिशेब

रात्रभर उपाशी आणि पलंगावर, सकाळी ८ ते ९ मध्ये सुई. कुशीवर झोपवून, दोन्ही कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ जिथे कण्याला छेदते तिथे कमरेचा चौथा मणका. त्याच्या वरची किंवा खालची फट. कोणती घेतली ते लिहून ठेवायचं, दुसऱ्या वेळी तीच. सुई २२ गेजची, पेन्सिलच्या टोकासारखी अणी असलेली. कापणाऱ्या टोकाच्या जुन्या सुईने डोकेदुखी बरीच जास्त होते. मोठ्या एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण ११ टक्क्यांच्या जागी सुमारे ४ टक्के निघालं. २५ गेज आणखी सौम्य, पण तिच्यातून थेंब इतके सावकाश पडतात की लागणारं पाणी मिळेपर्यंत रुग्ण हलतो. दाब मोजून झाला की मग नळ्या.

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. त्याला वाटतं पाणी म्हणजे पाणी, पहिलं काय आणि शेवटचं काय. ५-एचआयएए आणि एचव्हीए मेंदूच्या पोकळ्यांजवळ दाट असतात आणि कमरेकडे येताना कमी होत जातात, कारण वाटेत ही आम्लं रक्तात बाहेर काढली जातात. पाणी जसजसं वाहू लागतं तसं वरचं पाणी खाली सरकतं आणि पुढच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये आकडा चढतो. एकाचा तिसरा मिलिलिटर आणि दुसऱ्याचा बारावा यांची तुलना केली तर जो फरक मिळेल तो रोगाचा नसून नळीचा असेल. एचव्हीएचा उतार सर्वांत तीव्र, ५-एचआयएएचा त्याखालोखाल, एमएचपीजीचा जवळजवळ नाहीच. उंच माणसाच्या पाण्याला प्रवास लांब, म्हणून त्याचे आकडे कमी. वयाबरोबर आकडे वाढतात. त्याच माणसाच्या दोन नळ्यांची तुलना केली की उंची आणि वय आपोआप कटतात. दोन गटांची तुलना करताना ती गणितात घालावीच लागतात.

म्हणून पहिले २ मिलिलिटर पेशी, प्रथिनं आणि ग्लुकोजसाठी. ते मोजणीत कधीच वापरायचे नाहीत, कारण सुईने फुटलेल्या केशिकेचं रक्त त्यातच येतं. त्यानंतरचे १२ मिलिलिटर एकाच मोठ्या पॉलिप्रॉपिलिनच्या नळीत, बर्फात उभ्या ठेवून. सगळं गोळा झाल्यावर नळी हलकेच उलटीसुलटी करून एकजीव करायची आणि मगच वाटप. थेट छोट्या नळ्यांत थेंब घेतले तर प्रत्येक छोटी नळी म्हणजे उताराची वेगळी पायरी होते. १४ मिलिलिटर ऐकून नातेवाईक घाबरतात. त्यांना सांगावं की शरीर मिनिटाला साधारण ०.३५ मिलिलिटर, दिवसाला अर्धा लिटर पाणी बनवतं, म्हणजे काढलेलं पाणी पाऊण तासाच्या आत भरून येतं. सुई बाहेर घेण्याआधी स्टायलेट, म्हणजे आतली तार, परत घालायची. नंतर चोवीस तास सपाट झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळते हा समज टिकलेला नाही. उभं राहिल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर शमणारी डोकेदुखी सुईची; आडवं होऊनही तशीच राहणारी दुसरीकडची, आणि तिचा शोध घ्यावा.

त्याच मिनिटाला शिरेतलं रक्तही घ्यायचं, आणि हे विसरून चालत नाही. एमएचपीजी रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत सहज ओलांडतं. विथड्रॉवलमध्ये सगळ्या शरीरात नॉरअॅड्रेनालिन उसळलेलं असतं, नाडी १२० वर, रक्तदाब चढलेला. पाण्यातल्या एमएचपीजीचा मोठा वाटा त्या वेळी बाहेरून आलेला असू शकतो. १९८३ मध्ये आयर्विन कोपिन आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून रक्तातला आकडा वजा करण्याची पद्धत दिली. त्याआधी, १९८१ मध्ये स्टेफान बोर्ग यांच्या गटाने पिण्याच्या काळात पाण्यातलं एमएचपीजी चढतं असं दाखवलं होतं. मेंदूतला वाटा खरा आहेच, पण रक्ताची नळी नसेल तर तो किती, हे सांगता येणार नाही.

बर्फापासून यंत्रापर्यंत

नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची: १० मिनिटं, ४ अंशांवर, २००० जी. लाल पेशी मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर असतील तर तो नमुना बाजूला. वरचं पाणी अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर. उणे २० च्या फ्रीझरमध्ये ‘फक्त सोमवारपर्यंत’ ठेवलेली नळी परत त्या कामाची राहत नाही, आणि तिच्यावर कुणी तसं लिहीतही नाही. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही, म्हणून तर वाटप छोटं.

गाबा, म्हणजे मेंदूला शांत करणारं रसायन, मोजायचं असेल तर घाई आणखी. गाबाला जोडलेले होमोकार्नोसिनसारखे पदार्थ पाण्यात असतात. नळी टेबलावर राहिली की एन्झाइम ते तोडतं आणि मोकळं गाबा वाढत जातं. विथड्रॉवल आणि नैराश्य दोन्हीत लोक कमी गाबा शोधत असतात. टेबलावर विसरलेली नळी नेमका तोच फरक पुसून टाकते. मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं दुखणं वेगळं. ग्लुटामिन पाण्यात त्याच्या शेकडो पट असतं, आणि प्रथिनं काढायला आम्ल घालून नमुना तसाच राहिला तर त्यातलं थोडं जरी मोडलं तरी ग्लुटामेटचा आकडा खोटा फुगतो. या दोघांसाठी वेगळ्या नळ्या, लगेच कोरड्या बर्फात. सीआरएच (ताणाची साखळी सुरू करणारं मेंदूतलं संप्रेरक) मोजणाऱ्यांनीही आपली नळी आधीच मागून घ्यावी, उरलेल्यातून मागू नये. १९८४ मध्ये चार्ल्स नेमेरॉफ यांच्या गटाने नैराश्यात ते वाढलेलं दाखवलं, आणि तीव्र विथड्रॉवलमध्येही ते चढतं, त्यामुळे दोन्ही असलेल्या रुग्णात एका नळीवरून कारण सांगणं कठीण.

मोजणी एचपीएलसी (द्रावण स्तंभातून ढकलून पदार्थ वेगळे करणारं यंत्र) आणि इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टरवर, सी-१८ स्तंभ. आधी एमएचपीजी बाहेर येतं, नंतर ५-एचआयएए, मग एचव्हीए. एमएचपीजी इतक्या लवकर येतं की सुरुवातीच्या उंच लाटेच्या उतारावरच त्याचं शिखर बसतं. त्या लाटेत या पाण्यातलं नैसर्गिक अॅस्कॉर्बिक आम्ल असतं, आणि जपणूक म्हणून वरून आणखी घातलं असेल तर लाट आणखी फुगते. उपाय द्रावणाच्या पीएचमध्ये आहे, पण नीट समजून. ५-एचआयएए आणि एचव्हीए आम्लं आहेत, पीएच उतरवला की ती उशिरा येतात. एमएचपीजी जागचं हलत नाही. म्हणजे दोन शिखरं सरकली आणि तिसरं जागेवर राहिलं, तर आधी पीएच मीटर तपासा. तिन्ही एकदम सरकली तर मिथेनॉलचं प्रमाण, तापमान किंवा पंपाचा वेग. स्तंभ बदलायची घाई नको.

पॅरासिटामॉल हा या यंत्राचा जुना वैरी. इलेक्ट्रोडवर ते इतकं जोरात उमटतं की शेजारची शिखरं गिळतं. दारू सुटलेल्या माणसाचं डोकं रात्री दुखतं, रात्रपाळीची सिस्टर सहानुभूतीने एक गोळी देते, औषधाच्या कागदावर ती कधी चढते कधी नाही. आदल्या दिवसाच्या कागदावर ‘पॅरासिटामॉल नको, दुखलं तर फोन’ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवणं सर्वांत स्वस्त उपाय.

इलेक्ट्रोड दिवसभरात मंदावतो, म्हणून दर आठ-दहा नमुन्यांमागे ज्ञात द्रावण घालायचं. एकाच माणसाच्या दोन्ही नळ्या एकाच फेरीत, आणि कुणाची पहिली आधी, कुणाची दुसरी आधी, अशा सरमिसळ क्रमाने. पहिल्या नळ्या जानेवारीत आणि दुसऱ्या मार्चमध्ये मोजल्या तर दिसणारा उतार यंत्राचाही असू शकतो. एककांचंही भान ठेवावं. जुन्या निबंधांत नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, नव्यांत नॅनोमोल प्रति लिटर. ५-एचआयएएसाठी ५.२ ने, एचव्हीएसाठी ५.५ ने, एमएचपीजीसाठी ५.४ ने गुणायचं.

आकड्याशेजारी काय लिहायचं

हॅमिल्टनच्या १७ मुद्द्यांत झोपेचेच तीन, ६ गुणांचे. त्यात अस्वस्थता, घाम आणि धडधड, भूक, वजन हे मुद्दे धरले तर खिन्न नसलेला पण थरथरणारा माणूसही पहिल्या आठवड्यात सहज वरचे गुण मिळवतो. म्हणून एकूण बेरजेशेजारी मनाची खिन्नता, अपराधीपणा, आत्महत्येचे विचार आणि कामातला रस एवढ्या मुद्द्यांची वेगळी बेरीज ठेवतो. पहिल्या नळीतलं एमएचपीजी एकूण बेरजेशी जुळतं तेव्हा ते बहुधा सीवाच्या गुणांशी जुळत असतं. सीवा गणितात घातलं की नैराश्याशी असलेलं नातं किती उरतं ते बघावं. एचव्हीए आणि ५-एचआयएए एकमेकांबरोबर चढउतार करतात, कारण बाहेर जायची वाट दोघांची सारखी आणि उतार दोघांनाही आहे. म्हणून एकट्या एचव्हीएवर बोलण्याआधी दोघांचं गुणोत्तर मांडावं. आत्महत्येच्या विचारांबाबत मात्र आकड्याची वाट बघायची नाही. तो प्रश्न रोज तोंडी विचारायचा, आणि उत्तरावर त्याच दिवशी पावलं उचलायची. एका माणसाच्या ५-एचआयएएवरून त्याचं निदान किंवा धोका सांगता येत नाही, म्हणून हा आकडा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर जात नाही.

दुसऱ्या नळीच्या दिवशी सगळं तसंच: तीच वेळ, तीच कूस, तीच फट, तेच मिलिलिटर. मधल्या काळात प्यायला नाही हे विचारावं आणि तपासावंही. अल्कोहोलपासूनच बनणारे दोन पदार्थ इथे कामाला येतात: लघवीतलं इथाइल ग्लुकुरोनाइड मागच्या दोन-चार दिवसांचं सांगतं, रक्तातलं पीईथ (फॉस्फॅटिडिलइथेनॉल) मागच्या काही आठवड्यांचं. पीईथ सुरुवातीला इतकं चढलेलं असतं की चौथ्या आठवड्यात ते शून्य नसणं स्वाभाविक. ते उतरलं का, आणि अपेक्षेइतकं उतरलं का, हे बघायचं.

चौथ्या आठवड्यात बरेच जण येतच नाहीत. काही पुन्हा प्यायला लागलेले, काही बरं वाटतं म्हणून घरी गेलेले, काहींना पहिल्या सुईची डोकेदुखी आठवते. जोडीने उरलेले आकडे मग फक्त कोरडे राहिलेल्यांचे असतात, आणि जे राहू शकले नाहीत त्यांचं पाणी मुळातच वेगळं होतं का हा प्रश्न तसाच सुटतो. त्यामुळे न आलेल्यांची पहिली नळी फेकायची नाही. ती जोडीवाल्यांच्याच फेरीत मोजायची, आणि निबंधात पहिल्या नळ्यांचे दोन रकाने द्यायचे: परत आलेल्यांचा आणि न आलेल्यांचा.